मराठी वाहिनीवर सबटायटल आणि सांकेतिक भाषेची चौकट: नियम काय सांगतो, काम कसं करायचं

दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी तीन सोयी नाव घेऊन सांगितल्या आहेत: श्राव्य वर्णन (पडद्यावर जे दिसतं ते अंधांसाठी बोलून सांगणं), सांकेतिक भाषेतला अनुवाद आणि क्लोज्ड कॅप्शन (प्रेक्षकाला चालू-बंद करता येणारं सबटायटल). कलम २९ मध्ये कर्णबधिरांना टीव्ही कार्यक्रम सांकेतिक भाषेसह किंवा सबटायटलसह मिळावेत, असं पुन्हा वेगळं म्हटलंय. त्यानुसार माहिती व प्रसारण मंत्रालयाने ११ सप्टेंबर २०१९ रोजी टीव्ही कार्यक्रमांसाठी सुगम्यता मानकं काढली. त्यांचा पहिला रोख कर्णबधिर प्रेक्षकांवर आहे.

सुरुवातीची अट मोजकी आहे. वृत्तवाहिनीने दिवसाला किमान एक बातमीपत्र आणि इतर वाहिन्यांनी आठवड्याला किमान एक कार्यक्रम सबटायटल किंवा सांकेतिक भाषेसह दाखवायचा. क्रीडा सामने, थेट बातम्या, पुरस्कार सोहळे, रिअ‍ॅलिटी शो, चर्चा, जाहिराती आणि टेलिशॉपिंग यांना सूट आहे. वर्षभराचा सरासरी प्रेक्षकवाटा एक टक्क्याच्या खाली असलेल्या वाहिन्यांनाही सूट आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेबाबत नुसती मार्गदर्शक तत्त्वं चालणार नाहीत, किमान बंधनकारक नियम वेगळे काढावे लागतील. त्यामुळे ‘ही तर सूचना आहे’ असं म्हणून फाइल बाजूला सारायचे दिवस संपत आलेत.

एवढी ढिली अट पाळताना पैसा फारसा आड येत नाही. आड येते ती सबटायटलचं काम सगळ्यात शेवटी, एपिसोड अपलोड व्हायच्या आदल्या रात्री करायची सवय. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका तिथूनच येतात.

कार्यक्रम निवडताना

आठवड्याचा एक कार्यक्रम म्हणून रविवारी सकाळी सहाचा आरोग्य-सल्ला निवडला तर कागदावर नियम पाळला जातो. पण प्रेक्षकाच्या घरात सगळे साडेसातची मालिका बघतात आणि कर्णबधिर माणूस शेजारी बसून ‘काय झालं?’ विचारत राहतो. रोजच्या मालिकेचा महाएपिसोड किंवा आठवड्याचा चित्रपट निवडा. मालिकेचे संवाद लिहिलेले असतात, म्हणजे निम्मं काम आधीच झालेलं असतं. फक्त सेटवर बदललेले संवाद स्क्रिप्टमध्ये नसतात. त्यामुळे स्क्रिप्ट आधाराला घ्या आणि मजकूर फायनल कटवरूनच पक्का करा.

आणखी एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करू. मराठी मालिकेला इंग्रजी सबटायटल देणं ही ती सोय नव्हे. ती परप्रांतातल्या आणि परदेशातल्या प्रेक्षकांची सोय झाली. सांगलीतल्या कर्णबधिर आजींना मराठी संवाद मराठीतच वाचायला हवा, आणि दार वाजलं, फोन आला, कुणी पडद्याबाहेरून हाक मारली, हेही कळायला हवं.

मजकूर

एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी. सबटायटल पडद्यावर किमान एक सेकंद आणि जास्तीत जास्त सात सेकंद. दोन सबटायटलांमध्ये किमान दोन फ्रेमची मोकळी जागा. आपलं प्रसारण सेकंदाला २५ फ्रेमचं असल्यामुळे दोन फ्रेम म्हणजे ८० मिलीसेकंद. ही फट नसेल तर मजकूर बदलल्याचं डोळ्याला जाणवत नाही आणि वाचणारा जुनीच ओळ परत वाचतो.

अक्षरं मोजताना देवनागरीत घोटाळा होतो. ‘कर्णबधिरांसाठी’ हा शब्द डोळ्याला सात अक्षरांचा दिसतो, पण सॉफ्टवेअर तो चौदा मोजतं, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हे सगळं त्याच्या लेखी वेगवेगळं असतं. म्हणून ओळीची मर्यादा ठरवताना सॉफ्टवेअरच्या हिशेबाने ४० ते ४२ धरा, म्हणजे डोळ्याला साधारण बावीस-पंचवीस अक्षरं. वाचनाचा वेग सेकंदाला १५ ते १७ (सॉफ्टवेअरचीच अक्षरं) यापुढे जाऊ देऊ नका. मुलांच्या कार्यक्रमात तो आणखी कमी ठेवा.

ओळ कुठे तोडायची हे मराठीच्या वाक्यरचनेवर ठरवा. समजा संवाद असा आहे:

बाबांनी घर विकलं म्हणून मी
त्यांच्याशी बोलत नाही.

इथे पहिली ओळ ‘मी’वर लोंबकळते. तोच संवाद असा बसवा:

बाबांनी घर विकलं
म्हणून मी त्यांच्याशी बोलत नाही.

रिकामी जागा धरून हे ४८ अक्षरं भरतं, म्हणजे तीन सेकंद हवेत. ‘म्हणून’, ‘पण’, ‘की’, ‘कारण’ हे शब्द खालच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊ द्या.

याहून मोठी चूक दोन सबटायटलांच्या सांध्यावर होते. मराठीत नकार वाक्याच्या टोकाला येतो. ‘तुझ्या भावाचा खून मी केलेला’ एवढं एका सबटायटलमध्ये आणि ‘नाही’ पुढच्यात गेलं, तर वाचणाऱ्याला दीड सेकंद चक्क कबुलीजबाब दिसतो. संवाद तुटक असेल, नटाने मध्ये श्वास घेतला असेल, तरी ‘नाही’, ‘नको’, ‘नव्हतं’ हे आपल्या क्रियापदापासून तोडू नका. रहस्य शेवटच्या शब्दात असेल तर उलटा प्रश्न येतो. ते सबटायटल नट बोलायच्या आधी दाखवलं तर प्रसंगाची मजा जाते. तिथे सबटायटल दोन करा, पण पहिलं अर्थाने पूर्ण होईल असं बघा.

मजकूर बोलीतलाच ठेवा. नट ‘केलं’ म्हणत असेल तर ‘केले’ लिहू नका. मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी पात्राचं बोलणं प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नका. ते पात्र कुठलं आहे, ही माहिती ऐकणाऱ्याला मिळते, ती वाचणाऱ्यालाही मिळू द्या. वेळ कमी पडली तर ‘अगं’, ‘ना’, ‘म्हणजे काय आहे ना’ यातलं काहीतरी गाळा, पण नाती आणि नावं गाळू नका. मराठीत क्रियापदावरून बोलणाऱ्याचं लिंग बऱ्याचदा कळतं (‘जातो’, ‘जाते’), त्यामुळे एक बाई आणि एक पुरुष बोलत असताना दर वेळी नाव लिहायची गरज नाही. दोन जावा भांडत असतील तर मात्र नाव हवंच, नाहीतर कुणाचा टोमणा कुणाला ते कळत नाही.

आवाजांची नोंद चौकोनी कंसात करा आणि नेमकी करा: [कुकरची शिट्टी], [जिन्यावर पावलं], [मोबाइल व्हायब्रेट होतो]. नुसतं [आवाज] लिहिण्यात काही अर्थ नाही. संगीताची नोंद अर्थ बदलत असेल तरच करा. सासूच्या चेहऱ्यावर तीनदा झूम होऊन तीनदा ढॅण वाजलं, तर एकदा [ताणलेलं संगीत] पुरे.

बावीस-तेवीस मिनिटांच्या एपिसोडला सरावलेल्या माणसाचा साधारण अर्धा दिवस जातो. मशीनने लिहून घेतलेला मसुदा वापरलात तरी तो माणसानेच तपासायला हवा. संवादावर पार्श्वसंगीत चढलं की मराठी ओळखणारी यंत्रं विभक्ती चुकवतात, आणि ‘ने’च्या जागी ‘ला’ आला की मारणारा आणि मार खाणारा यांची अदलाबदल होते.

फाँट आणि फाइल

फाइल युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. एसआरटी किंवा टीटीएमएल हे सबटायटल-फाइलचे प्रकार चालतील. युरोपात रुळलेला जुना एसटीएल प्रकार मागितला गेला तर नकार द्या. त्याच्या अक्षर-तक्त्यात रोमन, सिरिलिक, अरबी, ग्रीक आणि हिब्रू आहेत, देवनागरी नाही. टेलीटेक्स्ट सबटायटल आणि अमेरिकी पद्धतीच्या ६०८ कॅप्शन या जुन्या प्रकारांचीही तीच गत.

न्यूजरूममधला मजकूर घेत असाल तर आधी बघा की तो प्रॉम्प्टरवर (निवेदक ज्यावरून वाचतो त्या पडद्यावर) कुठल्या फाँटमध्ये आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या, बिगर-युनिकोड फाँटमधला मजकूर सरळ कॉपी केला तर नुसता इंग्रजी चिन्हांचा काला येतो. कन्व्हर्टर वापरावा लागतो, आणि कन्व्हर्टरनंतर रफार व जोडाक्षरं पुन्हा डोळ्याखालून घालावी लागतात.

कॅप्शन बनवणाऱ्या प्रत्येक यंत्रावर आधी एक चाचणी-ओळ चालवून बघा: ‘दुसऱ्या दिवशी वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांनी ॲम्ब्युलन्समधून कॉफी मागवली.’ ‘दुसऱ्या’च्या जागी ‘दुसर्या’ दिसलं, म्हणजे रफार ‘या’च्या डोक्यावर चढला, तर त्या सॉफ्टवेअरला मराठीतला अर्धा र समजत नाही. ‘ॲ’च्या जागी चौकोन आला तर फाँट जुना आहे. वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली तर जोडणीचं इंजिनच बंद आहे आणि फाँट बदलून उपयोग नाही. दोन ओळींमधलं अंतर रोमन लिपीच्या मापाने ठेवलेलं असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. अंतर वाढवा, अक्षराचा आकार कमी करू नका.

टाइमकोडचा घोळ

सबटायटल मागे-पुढे जाण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. फाइल पूर्ण एपिसोडवर बनवलेली असते आणि प्रसारणाच्या वेळी ‘मागील भागात’चा तुकडा काढलेला असतो. मग पहिल्या संवादापासून शेवटपर्यंत सगळंच त्या तुकड्याएवढं सरकतं. चूक सगळीकडे सारखी असेल तर हेच कारण आहे. चूक दर ब्रेकनंतर वाढत जात असेल तर ब्रेकचा काळा तुकडा कुणीतरी मोजलाय किंवा सोडलाय. आणि सुरुवातीला बरोबर असून हळूहळू वाढत असेल तर फ्रेम-रेट चुकलाय, कुणीतरी २४ किंवा ३० वर काम केलंय.

उपाय साधा आहे. सेगमेंटप्रमाणे (दोन ब्रेकमधल्या तुकड्याप्रमाणे) वेगळ्या फाइल करा आणि प्रत्येक फाइल व्हिडिओच्या टाइमकोडला, म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वेळेच्या आकड्याला बांधा. दुपारच्या रिपीटला एपिसोड कापून लहान करतात, त्याची फाइल वेगळी लागेल. क्यूसीमधून (दर्जा-तपासणीतून) एपिसोड परत आला आणि एखादा शॉट बदलला, तर तो निरोप सबटायटलवाल्यापर्यंत जायलाच हवा. तो जात नाही, ही कायमची तक्रार आहे.

पडद्यावरची जागा

मराठी पडद्याचा खालचा भाग कधीच रिकामा नसतो. टिकर (सरकत्या मजकुराची पट्टी), पुढच्या मालिकेचा प्रोमो, चित्राच्या बाजूला आणि खाली येणारी एल-बँड जाहिरात, आणि पात्राने सिगरेट पेटवली की धूम्रपानाचा इशारा. प्रोमोची पट्टी कुठल्या उंचीपर्यंत येते ते ग्राफिक्स विभागाकडून पिक्सेलमध्ये लिहून घ्या आणि सबटायटलची तळरेषा त्याच्या वर बांधा. इशाऱ्याच्या शॉटपुरतं सबटायटल आणखी वर न्या. चेहऱ्यावर सबटायटल येत असेल तर ते पडद्याच्या माथ्यावर गेलेलं बरं, कारण ओठ वाचणारे प्रेक्षक दोन्ही एकत्र वापरतात.

उघडं की बंद?

उघडं सबटायटल म्हणजे चित्रातच छापलेलं. ते प्रत्येक टीव्हीवर दिसतं, पण बंद करता येत नाही. बंद सबटायटल वेगळ्या प्रवाहात जातं आणि प्रेक्षक रिमोटने चालू करतो. देवनागरीसाठी खात्रीचा मार्ग डीव्हीबी (डिजिटल प्रसारणाचं एक मानक) बिटमॅप सबटायटलचा. त्यात अक्षराऐवजी अक्षराचं चित्र पाठवलं जातं, म्हणून सेट-टॉप बॉक्समध्ये मराठी फाँट नसला तरी जोडाक्षरं शाबूत राहतात. भाषेचा कोड मराठीचा लावा. प्रकार लावताना ‘कर्णबधिरांसाठी’ हा कोड द्या, साधा नको. एचडीसाठी साधा कोड हेक्स (सोळाच्या पटीतली मोजणी) १४ आहे आणि कर्णबधिरांसाठीचा हेक्स २४.

बंद सबटायटल वाटेत हरवतं ते हेडएंडवर, म्हणजे वितरकाच्या केंद्रावर. केबलवाला किंवा डीटीएचवाला वाहिन्यांचा गठ्ठा नव्याने बांधताना ओळखीचे व्हिडिओ-ऑडिओ पीआयडी (प्रत्येक प्रवाहाचे ओळख-क्रमांक) पुढे जाऊ देतो आणि अनोळखी पीआयडी गाळतो. एमसीआरच्या (वाहिनीच्या मुख्य प्रसारण-कक्षाच्या) मॉनिटरवर सबटायटल झकास दिसतं, घरात काहीच नाही. म्हणून वितरकाला सबटायटलचा पीआयडी लेखी कळवा आणि किमान एक केबलचा व एक डीटीएचचा बॉक्स ऑफिसात लावून रोज बघा. ते जमेपर्यंत आठवड्याचा तो एक कार्यक्रम उघड्या सबटायटलसह दाखवलेला बरा.

सांकेतिक भाषेचं बातमीपत्र

दूरदर्शनवर कर्णबधिरांसाठीचं बातमीपत्र १९८७ पासून आहे, म्हणजे हा प्रकार आपल्याला नवा नाही. नवीन आहे ती पडद्यावरची गर्दी.

चौकट किती मोठी हवी? ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण-नियामकाचं माप आहे: पडद्याच्या एक षष्ठांशापेक्षा लहान नको आणि शक्यतो उजवीकडे. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर एक षष्ठांश म्हणजे बरोबर ६४० गुणिले ५४०. कोपऱ्यातल्या गोल चौकटीत बोटं दिसत नाहीत, ती नुसती सजावट. मराठी बातमीपत्रासाठी ही मांडणी सोयीची: मुख्य चित्र आक्रसून १२८० गुणिले ७२० करा आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात ठेवा. चित्राचं प्रमाण बिघडत नाही. उजवीकडचा ६४० रुंदीचा पूर्ण उंचीचा पट्टा दुभाषीला द्या. खाली डावीकडे उरलेल्या ३६० उंचीच्या पट्टीत टिकर, अ‍ॅस्टन (नावाची पट्टी), ब्रेकिंग, काय घालायचं ते घाला. हातावर काहीही चढत नाही.

कॅमेऱ्याची चौकट डोक्याच्या वीतभर वरपासून कमरेच्या खालपर्यंत, आणि दोन्ही कोपरं फाकवली तरी आत राहतील इतकी रुंद. कपडे एकरंगी, हाताच्या रंगापासून वेगळे उठून दिसणारे. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ नको. शटर १/१०० सेकंदाच्या आसपास ठेवा, नाहीतर बोटं फिसकटतात. एसडी प्रसारणात बिटरेट कमी असला की हलणाऱ्या हातांचे चौकोन पडतात, म्हणून शेवटची तपासणी घरच्या बॉक्सवरच.

भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. ती हाताने बोललेली मराठी नव्हे. त्यामुळे शब्दाला शब्द खूण मागू नका. दुभाषी दोन वर्षांची पदविका केलेला हवा. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्रात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत हे शिक्षण मिळतं. अर्ध्या तासाच्या बातमीपत्राला दोन दुभाषी ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटांनी बदला. एकटाच असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत वाक्यं गळायला लागतात, आणि ते पीसीआरमध्ये (कार्यक्रमाच्या नियंत्रण-कक्षात) कुणालाच कळत नाही, कारण तिथे ती भाषा येणारं कुणी नसतं. आठवड्यातून एकदा कर्णबधिर व्यक्तीकडून रेकॉर्डिंग तपासून घ्या, मानधन देऊन.

रनडाऊन (बातम्यांच्या क्रमाची यादी) किमान अर्धा तास आधी दुभाषीच्या हातात पडावा, सोबत नावांची यादी. अनोळखी नावं बोटांनी स्पेल केली जातात आणि ती रूढ पद्धत इंग्रजी अक्षरांची आहे. म्हणून इचलकरंजी, पाथर्डी, नव्या मंत्र्याचं आडनाव, सगळ्यांची इंग्रजी स्पेलिंग लिहून द्या. प्रॉम्प्टरचा मजकूर दुभाषीलाही दिसू द्या. इअरपीसमध्ये फक्त कार्यक्रमाचा आवाज सोडा, टॉकबॅक (नियंत्रण-कक्षातून येणाऱ्या सूचना) नको. निवेदकाला दिलेलं ‘गुंडाळ, गुंडाळ’ ऐकत ऐकत कुणाला अनुवाद करता येत नाही. अनुवाद दोन-चार सेकंद मागून चालतो, तेव्हा बाईट (कुणाच्या बोलण्याचा तुकडा) संपताच चौकट कापू नका, आणि पॅकेज (आधी तयार केलेला वृत्तांत) चालू असतानाही चौकट राहू द्या. बातमी तर त्यातच असते.

श्राव्य वर्णनाबद्दल थोडक्यात

अंध प्रेक्षकांसाठीचं वर्णन दुसऱ्या ऑडिओ ट्रॅकवर जातं. संवादांच्या मधल्या जागेत, वर्तमानकाळात, जे दिसतं तेच सांगायचं: ‘ती पत्र फाडते.’ ‘ती दुःखी आहे’ हे ऐकणाऱ्याला ठरवू द्या. संवादावर वर्णन चढवायचं नाही आणि वर्णनाच्या वेळी मूळ आवाज थोडा खाली घ्यायचा. सुरुवात चित्रपटापासून करा. मालिकेत संवादांमध्ये फटच नसते.

सोय दिसली नाही तर

प्रेक्षकाने आधी दोष कुणाचा ते बघावं. तोच कार्यक्रम त्याच वेळी शेजारच्या वेगळ्या केबल-डीटीएच बॉक्सवर लावा. तिथे सबटायटल आहे आणि आपल्याकडे नाही, तर तक्रार वितरकाकडे. दोन्हीकडे नाही, तर वाहिनीकडे. तारीख, वेळ, कार्यक्रम, बॉक्सचा प्रकार आणि पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो एवढं ईमेलमध्ये हवं. उत्तर आलं नाही तर दिल्लीतल्या दिव्यांगजनांच्या मुख्य आयुक्तांकडे अर्ज करता येतो, कारण वाहिनीला परवानगी केंद्र सरकार देतं. कायद्याचा भंग सिद्ध झाला तर कलम ८९ प्रमाणे पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुढच्या वेळी किमान पन्नास हजार, कमाल पाच लाख.

वाहिनीने प्रत्येक सुगम्य कार्यक्रमाची नोंद ठेवावी: तारीख, वेळ, सोयीचा प्रकार, फाइलचं नाव, आणि सोबत अ‍ॅज-रन लॉग (प्रत्यक्षात काय केव्हा दाखवलं गेलं त्याची नोंद). प्रसारित मजकूर ९० दिवस जपून ठेवणं वाहिनीवर एरवीही बंधनकारक आहे. तक्रार करणाऱ्याने हाच आकडा ध्यानात ठेवावा आणि अर्ज ९० दिवसांच्या आत टाकून ‘या तारखेचं रेकॉर्डिंग राखून ठेवा’ असं त्यात पहिल्याच ओळीत लिहावं.